दाखला हातात देणे म्हणजे शिस्त नव्हे!

काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे वस्तीतील एक माता आली. तिच्या हातात नऊ वर्षांच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला होता. मुलगा एका जागी बसत नाही, मध्येच ओरडतो, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, शेजारच्याची वही फाडतो, अशी शाळेची तक्रार. ‘घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने दाखला मागत आहे’ असा अर्ज शाळेच्या कारकुनानेच लिहिला होता. बाईने फक्त सही केली. कोणती अडचण, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “अडचण कसली साहेब, पोरगंच नको झालंय त्यांना.”

शिक्षकांची अडचण आम्हाला कळत नाही असे नाही. एक मूल वर्ग डोक्यावर घेते तेव्हा बाकीच्या मुलांचा अभ्यास बुडतो, आणि तीही आपलीच लेकरे आहेत. शिस्त हवीच. पण मुलाला हाकलून देणे ही शिस्त आहे काय?

कायदा याचे उत्तर स्पष्ट देतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा मिळाली, काढून टाकण्याची नाही. कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली असून तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. म्हणूनच शाळा काढून टाकत नाहीत, पालकांकडून सही घेतात! अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ तर पुढे जाऊन अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांवर मुलातील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची आणि त्यानुसार शिकविण्याची जबाबदारी टाकतो.

पण कायदा एक आणि व्यवहार दुसरा. पैसेवाल्याचा मुलगा वर्गात धिंगाणा घालतो तेव्हा तो ‘हायपर’ असतो. त्याला डॉक्टरकडे नेतात, प्रमाणपत्र काढतात, दहावीला जादा वेळ आणि लेखनिकही मिळतो. आमच्या वस्तीतील मुलगा तेच करतो तेव्हा तो ‘मवाली’ ठरतो आणि ‘यांच्या घरचे वळणच तसले’ असा शेरा मिळतो. आजार तोच, पण एकाला उपचार आणि दुसऱ्याला दाखला! ही शिस्त नव्हे, जातीची जुनी नजर आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते. आज शेवटच्या बाकावर किंवा वर्गाबाहेर दिवसदिवस उभे राहणारी मुले कोणाची आहेत, हे शाळांनी एकदा मोजून पाहावे.

मग शाळेने करावे तरी काय? आधी कारण शोधावे. मुलाला नीट दिसते काय, ऐकू येते काय, ते सकाळी काही खाऊन येते काय? त्याला पुढच्या बाकावर बसवावे, काम लहान लहान तुकड्यांत द्यावे, वह्या वाटण्यासारखी जबाबदारी सोपवावी. राग अनावर झाला तर कोणा मोठ्याच्या देखरेखीत थोडा वेळ बाजूला शांत बसू द्यावे. इतरांना मारले, वही फाडली, तर ती त्यानेच चिकटवून द्यावी, माफी मागावी. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकाची मदत मागावी. यात मुलाचे लाड नाहीत. उलट छडीपेक्षा याला अधिक चिकाटी लागते.

पालकांनीही जागे व्हावे. मुलाविषयी तक्रार आली की शाळेसमोरच त्याला बडवून काढणे आधी थांबवावे. सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी करावी. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. शाळेने कागद पुढे केला तर वाचल्याशिवाय सही करू नये. महापालिका, नगर परिषद किंवा जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार द्यावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत करण्याचे बंधन कायद्यात आहे. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे, हे ध्यानात ठेवावे. अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. त्या खुर्च्यांवर आपली माणसे का दिसत नाहीत?

त्या मातेच्या वतीने आम्ही तक्रार दिली. सुनावणीची तारीख लागण्याआधीच शाळेने दाखला परत घेतला. तपासणीत मुलाला अध्ययन अक्षमता असल्याचे निष्पन्न झाले. फळ्यावरची अक्षरे त्याला उमजत नव्हती आणि ते सांगण्याची लाज वाटत होती, म्हणून तो दंगा करीत होता. आजही तो मधूनच ओरडतो. पण वर्गात आहे.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. तो फक्त शांत बसणाऱ्या मुलांसाठी नव्हता. बंधूंनो, भगिनींनो, आपल्या वस्तीत यंदा किती मुलांच्या हाती असा ‘स्वखुशीचा’ दाखला पडला, याची चौकशी या रविवारी विहारात वंदना झाल्यावर करा. जय भीम!