दात गेले, आता कवळी कोणती?

दात पडले म्हणजे वय झाले, असे समजून आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्त्यांत माणसे गप्प बसतात. आजी भाकर वरणात भिजवून खाते, आजोबा मऊ भातावर दिवस काढतात. पण दाताविना खाण्याबरोबर बोलणेही तुटते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. तो दिवस लहानपणी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडून तो दिवस नातवंडांना स्पष्ट ऐकू यावा, म्हणून तरी घरच्यांनी त्यांच्या दातांकडे पाहावे.

दात बसवण्याचे मुख्य प्रकार चार. पहिला, काढघाल करता येणारी ऍक्रिलिकची कवळी. ती सर्वांत स्वस्त. पूर्ण जबड्याची किंवा दोन-चार दातांचीही होते. दुसरा, धातूच्या सांगाड्यावरची कवळी. ती पातळ व मजबूत असते, मात्र काही दात शिल्लक हवेत. तिसरा ब्रिज, तो पक्का बसतो, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात. चौथा इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाडाने तो धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि खर्चही मोठा येतो.

प्रकार कोणताही निवडा, आधी खर्रा सोडा. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या या मिश्रणाने आपल्या भागातील किती तोंडे आखडली आहेत! गालाची आतली त्वचा कडक झाली की तोंड उघडत नाही आणि कवळीचे माप घेण्याचा साचाच आत जात नाही. आपली तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, तर आधी कर्करोगाची तपासणी करावी. तंबाखू खाणाऱ्याचा इम्प्लांटही निकामी होण्याची भीती अधिक. पाचवे शील फक्त दारूपुरते नाही, असे आम्हांस वाटते.

बाजारात बसून स्वस्तात दात लावून देणाऱ्यांपासून सावध राहा. ते नकली दात शेजारच्या दातांना कायमचा डकवतात. त्याखाली अन्न कुजते आणि चांगले दातही जातात. नोंदणी असलेल्या दंतवैद्याकडेच जावे.

गरिबाने काय करावे? प्रथम जिल्हा रुग्णालयात दाखवावे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही कवळी करता येते. पूर्ण कवळीला माप, चावा, चाचणी अशा चार-पाच खेपा लागतात. सिरोंचा-भामरागडकडच्या माणसाने तारखा आधीच विचारून, मुक्कामाची सोय करून निघावे. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांसाठी चष्मा, काठी, श्रवणयंत्राबरोबर कवळीही धरलेली आहे. समाजकल्याण कार्यालयात शिबिराची चौकशी करावी.

कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात नको. रोज ब्रशने घासावी. हिरड्या काळानुसार झिजतात, म्हणून सैल झालेली कवळी तशीच न वापरता दुरुस्त करून घ्यावी. सुरुवातीचे काही दिवस ती बोचते, बोलणे अडखळते. तेव्हा मोठ्याने वाचन करावे, त्रिसरण-पंचशील म्हणावे. जीभ हळूहळू सरावते.

महिला मंडळांनी पुढच्या पौर्णिमेला विहारात जमल्यावर वस्तीतील बिनदाताच्या वृद्धांची यादी करावी आणि त्यांना सोबत घेऊन दवाखाना गाठावा. जयभीम!