एका ओळीत काय लिहायचं?

करसल्लागाराच्या ऑफिसातली एक्सेल फाइल उघडली की माझी नजर आधी ‘मोबाइल १’, ‘मोबाइल २’, ‘मोबाइल ३’ या कॉलमांवर जाते. चौथा नंबर देणारी पार्टी हमखास निघते. मग तो नंबर ‘शेरा’मध्ये जातो आणि ऐन वेळी कुणाला सापडत नाही. नंबरांना स्वतःचं टेबल हवं, एका ओळीत एक नंबर, मग ते कितीही असोत.

डेटाबेस करायला घेताना मी आधी विचारते, इथली एक ओळ नेमकी कशाची? ऑफिसात सगळ्यालाच ‘पार्टी’ म्हणतात. पण फर्मचं दुकान कोल्हापुरात आणि दुसरं पणजीत असेल, तर पॅन एक आणि जीएसटी नंबर दोन. एक २७ने सुरू होणारा, दुसरा ३०ने. दोन्हींच्या पोटात तोच दहा अक्षरी पॅन. दोन्ही नोंदण्यांपुढे फर्मची सगळी माहिती लिहिली, तर फोन किंवा ईमेल बदलल्यावर एकीकडे नवा होतो, दुसरीकडे जुनाच राहतो. म्हणून फर्म एका टेबलात, नोंदण्या दुसऱ्यात, आणि प्रत्येक नोंदणीपुढे फर्मचा क्रमांक. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७०मध्ये मांडलेल्या विचाराचं बळ इथे कळतं: दोन टेबलांमधलं नातं ओळीत लिहिलेल्या क्रमांकातूनच जुळतं. हा क्रमांक मी आपला वेगळा देते. पॅन टाइप करताना चुकू शकतो, आणि काही जणांची फाइल उघडताना तो हाताशी नसतो.

मला सगळ्यात आवडतं ते भागीदारांचं टेबल. एका फर्मचे भागीदार अनेक, त्यातलाच एखादा आणखी दोन फर्ममध्ये. त्याचा ४० टक्के वाटा कुठे लिहायचा? माणसापुढे लिहावा, तर कोणत्या फर्ममधला? फर्मपुढे लिहावा, तर कुणाचा? तो वाटा दोघांच्या नात्याचा आहे. म्हणून मधे ‘भागीदारी’ नावाचं तिसरं टेबल येतं: फर्मचा क्रमांक, व्यक्तीचा क्रमांक, वाटा, कधीपासून, कधीपर्यंत. करारनामा बदलला की जुन्या ओळीत शेवटची तारीख घालायची आणि नवी ओळ लिहायची. जुनी ओळ पुसायची नाही. मागच्या वर्षाची नोटीस आली, तर तेव्हाचाच वाटा लागतो.

बिलांचंही तसंच. फीचा दर वेगळ्या टेबलात असला तरी बिलावर त्या दिवशीचा आकडा उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर दर वाढवला की जुनी बिलंही वाढून दिसतात.

शेवटी मी बिलं असलेली एखादी पार्टी मुद्दाम डिलीट करून पाहते. नातं नीट बांधलेलं असेल तर डेटाबेस सरळ नकार देतो.