मेसकडची रिंग कडक का?

बास्केटबॉलच्या कोर्टवर दोन रिंगा असतात आणि नियमाप्रमाणे दोन्ही सारख्या असायला हव्यात. आपल्या कोर्टवर तसे नाही, हे सातवीतल्या नव्या कॅडेटलाही आठवड्याभरात कळते. मेसकडची रिंग ‘कडक’ आणि पीटी शेडकडची ‘नरम’. हाऊस मॅचच्या आधी कॅप्टन लोक बाजूवरून वाद घालतात. कोणी म्हणते मेसकडे ऊन डोळ्यावर येते, कोणी म्हणते पराठ्यांचा वास आला की नेम चुकतो. यातले दुसरे कारण मला काही अंशी पटते, पण खरी कारणे वेगळी आहेत.

ही गोष्ट नुसत्या गमतीची नाही. हाऊस टीमच्या ट्रायलला प्रत्येकाला दहा फ्री थ्रो मिळतात. मुले खूप आणि संध्याकाळच्या रोल कॉलआधी वेळ कमी, म्हणून दोन रांगा लावतात, एक इकडे आणि एक तिकडे. दहापैकी किती गेले एवढेच वहीत लिहिले जाते. कोणत्या रिंगवर मारले ते लिहिले जात नाही. म्हणजे टीममध्ये कोण येणार, याचा थोडा निकाल रांग कुठे लागली यावरच लागतो. म्हणून मी या टर्मला रिंगचा थोडा अभ्यास केला. तो इथे मांडतो.

आधी मापे. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आणि मोठ्या मुलांच्या चेंडूचा व्यास सुमारे २४. वरून पाहिले तर वाटते, अरे, जवळजवळ दुप्पट जागा आहे! पण चेंडू वरून सरळ खाली येत नाही, तिरका येतो. मेसमधली थाळी हातात घ्या आणि हळूहळू आडवी करत डोळ्यांसमोर आणा. गोल थाळी चपटी दिसू लागते. चेंडूलाही रिंग अशीच चपटी ‘दिसते’. चेंडू ६० अंशांत खाली आला तर त्याला समोरून-मागून ३९ सेंटिमीटर जागा मिळते. ४५ अंशांत आला तर जवळपास ३२ आणि ४० अंशांत फक्त २९. ३२ अंशांवर ही जागा २४ होते, म्हणजे चेंडूएवढीच. त्याहून सपाट येणारा चेंडू कडेला न लागता आत जाऊच शकत नाही, मारणारा कितीही मोठा खेळाडू असो.

इथे अकरावीच्या एका सिनियरने मला गणित दाखवले, ते मला फार आवडले. आपण ऐकलेले असते की ४५ अंशांत फेकले की वस्तू सर्वांत लांब जाते, म्हणून पुष्कळ मुले फ्री थ्रोही ४५ अंशांत मारतात. फ्री थ्रोची रेषा बोर्डपासून ४.६० मीटर आहे आणि रिंगचा मध्य त्या रेषेपासून सुमारे ४.२ मीटर. माझ्या उंचीच्या मुलाच्या हातून चेंडू साधारण २.१ मीटरवर सुटतो, रिंग आहे ३.०५ मीटरवर. चेंडूला वर चढून जायचे असल्यामुळे तो ज्या कोनात सुटतो त्यापेक्षा कमी कोनात रिंगवर उतरतो. ४५ अंशांत सोडला तर उतरताना २९ अंशांच्या आसपास. म्हणजे स्वच्छ जाणे अशक्य! ५२ अंशांत सोडला तर सुमारे ४० अंश मिळतात, ५५ मध्ये ४४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या चाऊ ट्रॅन आणि लॅरी सिल्व्हरबर्ग यांनी कॉम्प्युटरवर असंख्य फ्री थ्रो मारून पाहिले. त्यांचे उत्तरही ५२ अंशांच्या जवळ आले. शिवाय चेंडूला सेकंदाला सुमारे ३ उलट्या फेऱ्या हव्यात, असे ते सांगतात. ७०-८० अंशांत का मारायचे नाही? कारण तेवढे उंच फेकायला जोर जास्त लागतो आणि जोर वाढला की नेम हलतो.

उलटी फिरकी कशाला, तर चेंडू मागच्या कडेवर किंवा बोर्डवर लागतो तेव्हा त्याचा पुढचा पृष्ठभाग वरच्या दिशेने सरकत असतो. घर्षण त्याला खाली ढकलते. चेंडू बाहेर उडण्याऐवजी तिथल्या तिथे मरतो आणि रिंगमध्ये पडतो. आमचे कोच चेंडू बोटांच्या टोकांवरून सोडायला लावतात, त्यामागे हे आहे.

पण कोन आणि फिरकी झाली आपली बाजू. चेंडू कडेला लागल्यावर काय होणार, ते रिंग ठरवते. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

चेंडू रिंगला धडकला की त्याच्यातली काही ऊर्जा रिंग, ब्रॅकेट, बोर्ड आणि खांब खातात. उरलेली परत चेंडूला मिळते आणि तो उडतो. आंतरराष्ट्रीय फेडरेशनचा, म्हणजे फिबाचा नियम असा की रिंग आणि तिचा आधार मिळून धडकेतली ३५ ते ५० टक्के ऊर्जा खाल्ली गेली पाहिजे. आणि एकाच कोर्टवरच्या दोन रिंगांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. हे वाचले तेव्हा मला बरे वाटले. मेस आणि शेडचा वाद जगात सगळीकडे झाला असणार, त्याशिवाय असा नियम कोण करेल?

जी रिंग लोखंडी पाइपाला थेट वेल्ड केलेली असते, ती फार कमी ऊर्जा खाते. चेंडू लागला की टण्णकन परत. जिचे बोल्ट सैल असतात ती थरथरते, आणि थरथरायला लागणारी ऊर्जा चेंडूकडूनच घेते. चेंडू तिच्यावर दोनदा टप्पा खातो, रेंगाळतो आणि आत घरंगळतो. टीव्हीवर दिसणाऱ्या स्प्रिंगच्या रिंगा या दोन्हींच्या मधल्या. त्या मुळात शॉटसाठी नव्हे, डंकसाठी आल्या. १९७९ मध्ये डॅरिल डॉकिन्स या धिप्पाड खेळाडूने डंक करताना काचेचे बोर्ड फोडले, एकदा नव्हे, दोनदा. इलिनॉयमधले आर्थर एराट धान्याच्या कोठारावर काम करत. त्यांनी जॉन डिअरच्या कल्टिव्हेटरची स्प्रिंग लावून वाकून परत वर येणारी रिंग तयार केली आणि १९८२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. शेतीच्या अवजाराची स्प्रिंग अशी बास्केटबॉलमध्ये आली. सांगलीकडचे माझे आजोबा हे ऐकून म्हणाले, “बघ, नांगराशिवाय काही चालत नाही.”

चेंडूचा वेग खाऊन टाकणे हेच टोपलीचे काम, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते डिस्क गोल्फ या खेळात. त्यात फ्रिस्बीसारखी चकती दुरून फेकून खांबावरच्या टोपलीत टाकायची असते. आधी लोक नुसत्या खांबावर नेम धरत. मग कॅलिफोर्नियाचे एड हेडरिक यांनी खांबाभोवती वरून साखळ्या सोडल्या आणि खाली जाळीची टोपली लावली. १९७७ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. चकती साखळ्यांवर आदळते, साखळ्या हलतात, चकतीचा वेग त्यांच्यात जातो आणि ती खाली पडते. साखळ्या विरळ असल्या तर चकती मधून निसटते. नेम अगदी मधोमध बसला तर खांबाला आपटून परतही येते, म्हणजे फार अचूक मारण्याची शिक्षाच! म्हणून पुढे साखळ्यांचे आत आणखी एक कडे आले. बास्केटबॉलच्या रिंगला साखळ्या नाहीत. तिच्याकडे वेग खाण्यासाठी फक्त स्वतःचा लवचीकपणा आणि मागचा बोर्ड आहे.

बोर्डचे महत्त्व कळायला दिल्लीचेच उदाहरण घेऊ. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत नेटबॉल त्यागराज स्टेडियममध्ये झाले. नेटबॉलची रिंगही ३.०५ मीटरवरच असते, पण मागे बोर्ड नसतो आणि व्यास फक्त ३८ सेंटिमीटर. चेंडू सुमारे २२ सेंटिमीटरचा. हिशेब केला तर स्वच्छ शॉटसाठी किमान ३६ अंश लागतात, बास्केटबॉलपेक्षा ४ अंश जास्त. आणि थोडा लांब गेलेला चेंडू परत आणायला मागे कोणी नाही. म्हणून नेटबॉलचे खेळाडू चेंडू डोक्यावरून उंच कमानीत सोडतात. त्या वर्षी न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला फायनलमध्ये ६६-६४ असे हरवले, तेही जादा वेळेत. एवढ्या जवळच्या सामन्यात एकेक कडेला लागलेला चेंडू काय करतो ते समजू शकते.

आपला बोर्ड १.८० बाय १.०५ मीटरचा. त्यावरचा चौकोन ५९ बाय ४५ सेंटिमीटरचा आणि त्याची खालची रेषा रिंगच्या उंचीला. बाजूने मारताना चेंडू त्या चौकोनात लावला तर पुष्कळदा थेट शॉटपेक्षा जास्त खात्री असते, कारण बोर्डवर लागून चेंडूचा वेग कमी होतो. पण बोर्ड घट्ट हवा. पत्र्याचा ढिला बोर्ड ‘धप्प’ करतो आणि चेंडू रिंगच्या अलीकडे न येता जागीच खाली पडतो.

नेटबद्दल मात्र गैरसमज आहे. नवी नेट लावली की शॉट जास्त जातात असे ज्युनियर म्हणतात. नेट रिंगच्या खाली असते, तोवर चेंडू आत गेलेलाच असतो! तिचे काम चेंडूला क्षणभर अडवणे, म्हणजे तो गेला हे सर्वांना दिसावे. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या खऱ्याखुऱ्या टोपल्या बाल्कनीला ठोकल्या होत्या. त्यांना बूड होते आणि चेंडू काढायला शिडी लागे. त्यापेक्षा नेट बरी. (आपल्या देशातही खेळ जुना आहे. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये इथे दिल्लीतच झाली.)

दिल्लीच्या थंडीचाही परिणाम होतो. समजा स्टोअरमध्ये २५ अंश तापमानात चेंडूत ८ पाउंड हवा भरली. बाहेरच्या हवेचा १४.७ पाउंडांचा दाब धरून एकूण २२.७. जानेवारीत सकाळी ५ अंशांत तोच चेंडू कोर्टवर नेला तर आत उरतात सुमारे ६.५ पाउंड. चेंडू मऊ पडतो, कमी उडतो. रिंगवर हे फायद्याचे, ड्रिबलला तोट्याचे. म्हणून सकाळच्या पीटीला कडक रिंगही जरा कमी कडक वाटते आणि संध्याकाळी ट्रायलला पुन्हा मूळ स्वभावावर येते.

आता आपल्या दोन रिंगा. उस्तादांच्या परवानगीने एका रविवारी आम्ही तिघांनी शिडी लावून टेप आणि स्पिरिट लेव्हलने दोन्ही मोजल्या. मेसकडची रिंग उंचीला बरोबर आणि सपाट निघाली. ती पाइपाला वेल्ड केलेली आहे, हाताने ओढून सोडली तर हलतही नाही. शेडकडच्या रिंगचे दोन बोल्ट सैल आहेत आणि मुले लटकून लटकून तिचा पुढचा काठ मागच्यापेक्षा ३ सेंटिमीटर खाली आला आहे. ३ सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४ अंशांचा उतार. समोरून येणाऱ्या चेंडूकडे ती रिंग तोंड करून बसली आहे! ४० अंशांत येणाऱ्या फ्री थ्रोला तिथे २९ ऐवजी ३१ सेंटिमीटर जागा मिळते, आणि कडेला लागला तरी ती थरथरून चेंडू मारून टाकते. बोर्डवरून मारलेल्या शॉटला मात्र हाच उतार उलटा पडतो, कारण बोर्डवरून चेंडू बाहेरच्या दिशेने येतो. शेडकडे ले-अप विचित्र बाहेर येतात त्याचे कारण हे असावे असे माझे मत आहे.

म्हणजे आपण जिला शिव्या देतो ती मापात आहे आणि लाडकी बिघडलेली आहे. दोन हाफमध्ये बाजू बदलतात म्हणून मॅचमध्ये हे बरेचसे फिटते. ट्रायलमध्ये फिटत नाही. मेसकडे दहापैकी पाच आणि शेडकडे दहापैकी सहा यांत कोण चांगला, हे वहीवरून सांगता येणार नाही.

बाहेरच्या शाळांच्या कोर्टवर खेळायला जातो तेव्हाही हे नडते. शेडकडे सवय झालेला मुलगा सपाट मारतो, कारण तिथे सपाट चालते. स्प्रिंगच्या, लेव्हलमध्ये असलेल्या रिंगवर त्याचे पहिले तीन-चार चेंडू पुढच्या काठावर आपटतात आणि मग तो घाबरून जोर वाढवतो. मेसकडे सराव केलेल्याला कोन आपोआप वर न्यावा लागलेला असतो. त्यामुळे प्रॅक्टिसला मी मेसकडची रांग धरतो. तिकडे गर्दीही नसते.

स्पोर्ट्सच्या सरांना मी मापांचा कागद दिला आहे. सोबत विनंती केली आहे की ट्रायलचे दहा फ्री थ्रो पाच-पाच करून दोन्ही रिंगांवर घ्यावेत आणि वहीत दोन रकाने असावेत. सर म्हणाले, वेळ किती जास्त लागेल ते आधी सांग. आम्ही घड्याळ लावून पाहिले, एका मुलामागे अर्धा मिनिट. शेडकडचे बोल्ट मागच्या आठवड्यात आवळले, वाकलेल्या ब्रॅकेटसाठी वेल्डर यायचा आहे. तोवर त्या रिंगला लटकू नका.