पोर्सेलेन खेकड्याचे बालपण

ओहोटीच्या वेळी धोंडा उलटला, की एखादी चपटी, इवलीशी कुर्ली एखादा पाय मागे टाकून पळते. चिनी मातीच्या भांड्याप्रमाणे हिचे अवयव सहज तुटतात. म्हणून हिला पोर्सेलेन खेकडा म्हणतात.

हिचे पिल्लू मात्र आईसारखे मुळीच दिसत नाही. अंड्यातून निघालेला ‘झोइया’ नामक डिंभ पाण्यात तरंगतो. कपाळी कवचाच्या कित्येक पट लांब भाला, मागे दोन काटे! असा घास लहान माशांना गिळवत नाही. बहुधा दोनच झोइया-अवस्थांनंतर कात टाकून तो ‘मेगालोपा’ होतो व तळाशी उतरतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका जातीचे मेगालोपा स्वजातीय प्रौढांपाशीच वस्तीस येतात, असे आढळले आहे.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो : उलटलेला धोंडा पूर्ववत ठेवा, तो कुणाचे तरी घर आहे.