पेटीकडून पियानोकडे

आमच्या नगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, भजनी मंडळाच्या पेटीवर बोटें फिरवूं लागलेला मुलगा पुढें शहरांत नोकरीस लागला, म्हणजे कधीं कधीं विजेवर चालणारा पियानो विकत घेतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें असाच घेतला. तीन वर्षें तो नियमानें शिकला. नंतर शोपाँच्या मोठ्या रचनांना त्यानें एकदम हात घातला, मनगट दुखूं लागलें, आणि "गुरुजी, हें वाद्य मी विकून टाकतों" असें त्यानें मला लिहिलें. अशा मध्यम पायरीवरील वादकास एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय भावप्रधान संगीतांत, ज्यास तिकडे रोमँटिक म्हणतात, सोपें आणि तरीही अस्सल असें काय मिळेल, तें आज सांगावयाचें आहे.

पेटी वाजवितांना उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. डाव्या हाताचीं बोटें वर्षानुवर्षें केवळ वारा घालीत असतात! नाटकमंडळ्यांतील पायपेटीवाले या बाबतींत सुदैवी. त्यांचे दोन्ही हात मोकळे असत. शिवाय पेटीचा स्वर भात्यांत हवा आहे तोंवर टिकतो; पियानोचा स्वर तारेवर हातोडी पडतांच विरूं लागतो, व पट्टी कितीही दाबून धरली तरी वाढत नाहीं. म्हणून रचना निवडतांना ती डाव्या हातास काय करावयास सांगते, तें आधीं पाहावें.

या दृष्टीनें शूमानच्या 1848 सालच्या बालसंग्रहाइतकें उपयोगी पुस्तक मला दुसरें दिसत नाहीं. थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसासाठीं त्यानें कांहीं चुटके लिहिले, आणि त्यांतून 43 तुकड्यांचा हा संग्रह वाढला. पहिले 18 लहानांसाठीं, पुढचे जरा मोठ्यांसाठीं. दहाव्या तुकड्याचें नांव 'कामावरून परतणारा आनंदी शेतकरी'. (आमच्या पाथर्डी-शेवगांवकडे असा शेतकरी पाऊस झालेल्या वर्षींच दिसतो.) यांत चाल डाव्या हातांत आहे आणि उजवा हात मधून मधून साथ देतो. भाता हलविणाऱ्या हातास प्रथमच गावयास मिळतें.

शोपाँचे 24 प्रेल्यूड 1839 सालीं छापले गेले. त्यांतील चौथा अवघ्या 25 खंडांचा आहे. उजव्या हातांत लांब, संथ स्वर. डावा हात एकसारखे स्वरसंघात वाजवितो, आणि त्यांतील एखादा स्वर मधून मधून पायरीपायरीनें खालीं सरकतो. वाचावयास दोन दिवस पुरतात. चांगला वाजवावयास दोन वर्षेंही थोडीं. साथ चालीवर चढली कीं सारें बिघडलें! म्हणून डावा हात एकटाच, शेजारच्या खोलींत ऐकूं जाणार नाहीं इतका हळू, आठवडाभर वाजवावा. सहाव्या प्रेल्यूडमध्यें चाल पुन्हां डाव्या हातांत आहे. 1849 सालीं पॅरिस येथें शोपाँच्या अंत्यविधींत हे दोन्ही ऑर्गनवर वाजविले गेले. तेव्हां वाऱ्याच्या वाद्यावरही ते उभे राहतात, हें पेटीवाल्यांनीं ध्यानांत घ्यावें.

त्यानंतर नॉर्वेचा ग्रीग. 1867 ते 1901 या काळांत त्याच्या 66 भावगीतात्मक तुकड्यांचीं दहा पुस्तकें निघालीं. पहिलाच 'अरिएता' एवढासा आहे, पण मधली झुळझुळ दोन्ही हातांनीं वांटून घ्यावी लागते. दहाव्या पुस्तकाच्या शेवटच्या तुकड्यांत तीच चाल वाल्ट्झच्या तालांत परत येते. चायकोव्स्कीचा 1878 सालचा 24 तुकड्यांचा बालसंग्रह आणि बुर्गम्युलरचे 25 सोपे अभ्यास हेही जवळ असावेत. मेंडेलसोनचीं 'शब्दांविना गीतें' मात्र नांवानें भुलवितात; त्यांतील बहुतेक कसलेल्या हातासाठीं आहेत. पहिल्या पुस्तकाच्या शेवटचें व्हेनिसच्या नावाड्याचें गीत तेवढें प्रथम घ्यावें.

पायाखालचें पेडल नवशिक्यास फार मोह घालतें. नवा संघात वाजल्याबरोबर पाय उचलून पुन्हां दाबावा. आधींच दाबून ठेवल्यास जुने स्वर नव्यांत मिसळून गोंगाट होतो. हे सर्व रचनाकार दिवंगत होऊन शंभरांवर वर्षें झालीं असल्यामुळें त्यांच्या मूळ स्वरलिपि आंतरजालावर विनामूल्य मिळतात. परंतु बोटांचे आंकडे दिलेली एखादी छापील प्रत विकत घेण्यास कुचराई करूं नये.