दिवाळीनंतरचे दिवाळी अंक

का. र. मित्रांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला हिवाळाभर वाचायला पुरेल असा खाऊ मिळाला. मंडळी, ताजे अंक दिवाळीत घ्याच, पण तुळशीचं लग्न झालं की रद्दीवाल्याकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मारा. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर. जुना अंक छापील किमतीपेक्षा खूपच स्वस्तात मिळतो आणि कथा काही शिळ्या होत नाहीत!

जुनं पुस्तक घेताना घाई नको. पानं सोळा-सोळाच्या फर्म्यांत बांधलेली असतात. शिवण उसवली की अख्खा फर्माच निखळतो, म्हणून पृष्ठांक सलग आहेत का ते पाहा. पुठ्ठ्याच्या कडेला भुरभुरीत माती दिसली तर वाळवी समजा आणि ठेवून द्या. पहिलं कोरं पान मात्र हमखास उलटा. तिथे कधी निळ्या शाईत ‘सप्रेम भेट’ आणि खाली खुद्द लेखकाची सही सापडते. मला तर ही सही संमेलनात रांग लावून घेतलेल्या सहीइतकीच मोलाची वाटते.

यंदा तुम्हाला काय गवसलं? फोटो टाका!