शेतातील हरणे, शिकारीचा कायदा व पिकाची राखण

रब्बी ज्वारी उगवून वीतभर झाली, हरभऱ्याला घाटे धरू लागले, की माळरानालगतच्या गावांत हरणांच्या कळपांची तक्रार सुरू होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात व सोलापूर जिल्ह्यात काळविटांचे, तर विदर्भात चितळ व रोही यांचे कळप रात्रीतून शेत साफ करतात. वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत जाताना पाहून "जमीन आपली, पीक आपले, मग जनावर मारावयास हरकत कोणती?" असा प्रश्न शेतकरी विचारतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास या प्रश्नाचे अचूक उत्तर देता आले पाहिजे.

परवान्याचा काळ संपला

१९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी कायद्यानुसार शिकारीचे परवाने मिळत असत. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आल्यानंतरही काही जातींसाठी परवाना-पद्धती चालू होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. म्हणून हौसेखातर हरणाच्या शिकारीस आज कोठेही परवाना मिळत नाही. खासगी जमीनही याला अपवाद नाही. जमिनीची मालकी सात-बारावर असली, तरी तिच्यावर चरणाऱ्या रानटी जनावराची मालकी त्यात येत नाही.

पीकसंरक्षणासाठी मिळणारा बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याखालील असतो. त्याने बंदूक बाळगता येते. हरिण मारण्याची मुभा मिळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने शेतकरी नाहक गुन्ह्यात सापडू शकतो.

शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. विष घालणे, फास वा जाळे लावणे, पाठलाग करून पकडणे, जखमी करणे व यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व कायद्याने शिकारच होय. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

जनावर ओळखणे प्रथम

नुकसान कोणी केले यावर पुढील उपाय अवलंबून असतो. काळवीट हे कुरंग असून त्याची शिंगे पिळदार व कायमची असतात. चितळ व सांबर या सारंगवर्गीय हरणांची फाटेदार शिंगे गळून पुन्हा येतात. रोही घोड्याएवढे थोराड असते. काळविटाचा खूर लहान व टोकदार उमटतो, रोह्याचा मोठा. माती उकरलेली व ताटे मोडलेली दिसल्यास रानडुकराचा संशय घ्यावा.

काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने केवळ पिकाचे नुकसान केले म्हणून त्यास मारण्याची परवानगी मिळूच शकत नाही. रोही व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांचा उपद्रव सिद्ध झाल्यास कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकार दिलेला अधिकारी ठरावीक क्षेत्रापुरता, कारणांसह लेखी आदेश देऊ शकतो. असा आदेश हाती आल्याखेरीज कोणीही पाऊल उचलू नये. मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वा शिंगे घरी नेणे हाही गुन्हा होय.

राखणीचे उपाय

१. रोपावस्थेत नुकसान अधिक होते. पहिले काही आठवडे लगतच्या शेतकऱ्यांनी पाळीपाळीने राखण करावी. पहाट व सायंकाळ या वेळा विशेष सांभाळाव्यात. माळ्यावरून आवाज, डबे व उजेड यांचा उपयोग करावा. कुत्री अंगावर सोडू नयेत.

२. ज्वारी व हरभऱ्याभोवती करडईच्या तीन-चार ओळी पेराव्यात. करडई कोवळी असताना तिला काटे नसतात, म्हणून काटे धरेपर्यंत राखण सोडू नये.

३. सौर कुंपण लावता येते. त्याच्या यंत्रातून थांबून थांबून, अत्यल्प काळाचा झटका मिळतो. तो बोचतो, पण जीव घेत नाही. तारांना गवत टेकल्यास झटका क्षीण होतो. यासाठी कुंपणाखालील तण काढत राहावे व भूसंपर्क नीट ठेवावा.

४. घरगुती वा पंपाच्या विजेचा प्रवाह तारेत कदापि सोडू नये. अशा तारेने जनावराआधी रात्री पाणी द्यावयास निघालेला शेजारी, राखणदार वा स्वतःच्या घरचे माणूस दगावते.

५. शेतातील उघड्या विहिरीस कठडा बांधावा. बुजलेली हरणे तीत पडतात, माणसासही धोका असतो.

नुकसान झाल्यास

हरिण, रोही व रानडुक्कर यांनी केलेल्या पीकहानीबद्दल वनविभागाकडून अर्थसाहाय्य मिळते. खबर शक्यतो त्याच दिवशी वनरक्षकास द्यावी. १९२६ या क्रमांकावर वनविभागाशी संपर्क साधता येतो. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू वा नांगरू नये. पावलांचे ठसे, विष्ठा व खाल्लेली ताटे तशीच ठेवून छायाचित्रे घ्यावीत आणि सात-बाराचा उतारा जवळ ठेवावा.

पंचनाम्यास विलंब झाला की पुरावा नाहीसा होतो आणि हक्काची रक्कम हातची जाते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच गावसभेत ही माहिती सांगावी, वनरक्षकाचे नाव व क्रमांक चावडीवर लावावा आणि राखणीच्या पाळ्या ठरवून द्याव्यात. पीक वाचविण्याचा खात्रीचा मार्ग बंदुकीत नसून वेळेवर केलेल्या या तयारीत आहे.